पहिल्या पगाराच्या आधीची तीन वर्षे

ऐरोलीच्या ज्या कंपनीत मी गेली अकरा वर्षे वेतन विभागात काम करते, तिथे दर जुलैच्या पहिल्या आठवड्यात नुकतीच पदवी मिळवलेली तीस-चाळीस मुले-मुली एकाच दिवशी रुजू होतात. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून, पावसात निम्मीशिम्मी भिजून, छातीशी प्लास्टिकची फाइल धरून ती माझ्या टेबलासमोर येतात. परीक्षा आणि मुलाखत या दोन्हींतून ती आधीच पार पडलेली असतात. तरीही संध्याकाळपर्यंत त्यांतल्या आठ-दहा जणांचे काम अडलेले असते, आणि ते गुणांवरून किंवा बुद्धीवरून अडल्याचे मला एकदाही आठवत नाही. ते अडते नावातल्या एका अक्षरावर, काकांच्या नावे घेतलेल्या सिमवर, कॉलेजने बंद केलेल्या ईमेलवर, नाहीतर गोठवल्या गेलेल्या बँक खात्यावर.

माझा भाचा नेरूळच्या एका कॉलेजात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणपतीत घरी आला तेव्हा त्याने विचारले, "मावशी, नोकरीसाठी आत्तापासून काय शिकून ठेवू?" त्याला एखाद्या प्रोग्रॅमिंग लँग्वेजचे नाव अपेक्षित होते. मी म्हटले, "आधी तुझे पॅन कार्ड आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेव." त्याला ती थट्टा वाटली. पण पॅनवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव होते, आधारवर वडिलांचे नाव गाळलेले होते, आणि 'पाटील' या साध्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकीकडे 'आय' तर दुसरीकडे दोन 'ई' होते. त्या संध्याकाळी मी त्याला जे सांगितले तेच इथे जरा सविस्तर लिहीत आहे.

नावापासूनच सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त वेळ तेच खाते. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव वेगळे असते. पॅन आणि आधार यांची मांडणी निराळी. क्रम उलटा असला तरी चालते, कारण पडताळणी करणाऱ्या माणसाला ते कळते. स्पेलिंग वेगळे असेल तर मात्र संगणक ते नाव दुसऱ्याच कोणाचे समजतो. भविष्य निर्वाह निधीचा (पीएफचा) यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक, आता केंद्र सरकारच्या उमंग ॲपवर आधारच्या चेहरा-पडताळणीतून तयार होतो, म्हणजे पीएफवर तुमचे नाव आधारवर असेल तसेच उमटणार. पगारावरचा आयकर पॅनच्या नावे भरला जाणार, आणि पदवी गुणपत्रिकेवरच्या नावाने मिळणार. ही तिन्ही नावे एक नसतील, तर पुढची पंधरा वर्षे तुम्ही कोणत्या ना कोणत्या कार्यालयात 'ही एकच व्यक्ती आहे' असे प्रतिज्ञापत्र देत बसाल.

माझ्या मते दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानावी आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून घाईघाईने चुकीची दुरुस्ती करून ती संधी वाया घालवू नये. चूक गुणपत्रिकेतच असेल तर अर्ज शाळेमार्फत जातो. ठाणे आणि नवी मुंबईच्या शाळा ज्या मुंबई विभागीय मंडळाखाली येतात त्याचे कार्यालय वाशीला आहे. शाळा सोडून जितकी वर्षे होतात तितके जुने रजिस्टर शोधणे अवघड होत जाते, तेव्हा हे काम पहिल्याच वर्षी उरकावे. जाता जाता एक सांगते: गुणपत्रिकांना लॅमिनेशन करू नका. पुढे परदेशी जायची वेळ आली तर प्रमाणीकरणासाठी लॅमिनेट केलेला कागद परत पाठवतात, आणि ते प्लास्टिक सोलताना कागदाची शाई त्याबरोबर निघून येते.

या बाबतीत मी एवढी आग्रही का आहे, याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे. २००९ साली वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत मी पहिली नोकरी केली. तेव्हा यूएएन नव्हता. प्रत्येक नोकरीत पीएफचा नवा क्रमांक मिळे. तिथल्या कारकुनाने माझ्या नावातले एक अक्षर गाळले, आणि पगाराची स्लिप वाचायची असते हेच मला ठाऊक नसल्याने ते माझ्या ध्यानात आले नाही. दोन वर्षांनी मी नोकरी बदलली, पुढे ती कंपनी बंद पडली, आणि दुरुस्तीच्या अर्जावर सही करायला कोणी उरले नाही. रक्कम फार मोठी नव्हती, पण ती मिळवण्यासाठी मी जेवढ्या रजा घालवल्या त्यांचा पगार मोजला तर व्यवहार तोट्याचाच झाला.

दुसरी गोष्ट मोबाइल नंबरची. बँक, आधार, पॅन, सरकारी कागदपत्रांच्या डिजिटल प्रती ठेवणारे डिजिलॉकर, शिष्यवृत्ती यांपैकी एकही दार ओटीपीशिवाय उघडत नाही, आणि ओटीपी ज्या नंबरावर येतो तो अनेक विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या नावावर नसतो. अकरावीत असताना वडिलांच्या किंवा काकांच्या नावे घेतलेले सिम तसेच चालू राहते, आणि ते हरवले की नवे घेण्यासाठी गावाहून काकांना बोलवावे लागते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर नंबर आपल्या नावे करून घ्यावा. ऑफर बघून सारखे नंबर बदलणे हा त्याहून मोठा धोका आहे, कारण ९० दिवस न वापरलेला प्रीपेड क्रमांक कंपनी बंद करू शकते आणि काही काळाने दुसऱ्याला देऊ शकते. तुमचे बँक खाते त्याला जोडलेलेच राहिले, तर त्या खात्याचे निरोप एका अनोळखी माणसाच्या हातात पडतात. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर दिसते. भाच्याने पाहिले तेव्हा त्याच्या नावावर तीन निघाली. त्यांतले एक कधी घेतले ते त्याला अजून आठवत नाही. आम्ही ते तिथेच 'माझे नाही' म्हणून नोंदवले.

ईमेलचेही असेच आहे. कॉलेजच्या ईमेलवर सवलतीची सॉफ्टवेअरे मिळतात, ती जरूर घ्यावीत. पण नोकरीचे अर्ज, प्रमाणपत्रे आणि प्रोजेक्टच्या फाइली त्यावर ठेवू नयेत, कारण अनेक ठिकाणी उत्तीर्ण झाल्यावर काही महिन्यांत तो पत्ता बंद होतो. दोन वर्षांपूर्वी एका मुलीची ऑफर लेटर, बॉण्डची प्रत, इंटर्नशिपचा दाखला सगळी कागदे अशाच बंद झालेल्या पत्त्यावर राहिली होती. आपल्या नावाचा साधा पत्ता घ्यावा, त्याला दुहेरी पडताळणी लावावी, आणि फोन हाताशी नसताना त्या पडताळणीला उपयोगी पडणारे बॅकअप कोड कागदावर लिहून घरी ठेवावेत. पदवीच्या आणि बारावीच्या प्रती डिजिलॉकरमध्ये असतील तर त्यांना कायद्याने मूळ कागदाइतकाच मान आहे. फोनमध्ये काढलेल्या फोटोला तो नाही.

आता बँकेच्या खात्याविषयी. हा भाग मला सर्वांत गंभीर वाटतो. तीन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या एका मुलाचा पहिला पगार खात्यात जमा झाला, पण त्याला तो काढता येईना. चौकशी केल्यावर कळले, की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून त्याचे खाते गोठवलेले होते. दुसऱ्या वर्षाला असताना सीनियरच्या कोणा मित्राने त्याला सांगितले होते, "खाते उघड, कार्ड आणि सिम आम्हाला दे, महिन्याला काही हजार मिळतील, धंद्याच्या टॅक्सचा प्रश्न आहे." कोणाला तरी लुबाडून आणलेले पैसे त्याच्या खात्यातून पुढे गेले होते. अशा खात्याला पोलीस आणि बँकवाले 'म्युल अकाउंट' म्हणतात, म्हणजे दुसऱ्याचे ओझे वाहणारे खेचर. तपासात पैशाची वाट शोधताना सर्वांत आधी सापडते ते याच खात्याच्या मालकाचे नाव. खरा चोर मात्र त्या कागदात कुठेच नसतो. त्या मुलाला नोकरी टिकवता आली, पण वकील आणि हेलपाटे यांत त्याचे जवळजवळ वर्ष गेले. "मला माहीत नव्हते" हे तो खरेच बोलत होता, आणि त्याने काही फरक पडला नाही. आपले खाते, एटीएम कार्ड, सिम किंवा यूपीआय कोणाच्याही हाती एका दिवसासाठीही देऊ नये. मित्राचे पैसे 'माझ्या खात्यावर घेतो आणि रोख काढून देतो' हेही याच प्रकारात येते.

स्वतःची फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी थांबवण्याची शक्यता पहिल्या तासा-दोन तासांतच असते. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. यूपीआय २०१६ पासून आपल्या हातात आहे, तरी 'पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका' या एका वाक्याला शिकलेली मुले आजही फसतात. पिन पैसे देताना लागतो. पैसे घेताना तो कधीच लागत नाही.

शिष्यवृत्तीबाबत एक बारीक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारी रक्कम तुम्ही अर्जात मनाशी धरलेल्या खात्यात जाईलच असे नाही. ती आधारशी शेवटी जोडल्या गेलेल्या बँकेत जाते. कॅशबॅकच्या मोहाने एखाद्या नव्या बँकेचे खाते ॲपवरून उघडले आणि पुढचे न वाचता संमती दिली, तर शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात पडून राहते आणि विद्यार्थी कॉलेजच्या क्लार्कशी भांडत राहतो. तसेच, व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, २०२४ पासून राज्य सरकारने शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेळेत काढणे हे घरातल्या मोठ्यांचे काम आहे. ते मुलीवर टाकू नये.

शैक्षणिक कर्ज वाईट नाही, पण त्याचा हिशेब सही करण्याआधी कागदावर मांडलेला मी क्वचितच पाहिला आहे. समजा दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख याप्रमाणे चार वर्षांत ४ लाख रुपये घेतले आणि व्याज, केवळ हिशेबासाठी, १० टक्के धरले. शिक्षण चालू असताना सरळ व्याज लागते, म्हणजे चार वर्षांचे अनुक्रमे १०, २०, ३० आणि ४० हजार. त्यानंतर हप्ता सुरू होण्यापूर्वीच्या एका वर्षाच्या सवलतीत आणखी ४० हजार. पहिला हप्ता पडेपर्यंत ४ लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात. आता हेच व्याज पहिल्या वर्षापासून भरत गेले, तर सुरुवातीला महिन्याला सुमारे ८३३ रुपये पडतात. एवढी रक्कम एक शिकवणी घेऊनही उभी राहते. शिक्षण चालू असताना व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात थोडी सूटही देतात. ती मागावी लागते, आपणहून कोणी सांगत नाही.

या कर्जाच्या तुलनेत फोनवरची छोटी कर्जे मला अधिक भीतिदायक वाटतात. 'तीन हप्त्यांत द्या' म्हणून घेतलेला बूटसुद्धा क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदवहीत, कर्ज म्हणून नोंदला जाऊ शकतो, आणि चुकलेला हप्ता पुढे घरकर्जाच्या वेळी समोर येतो. क्रेडिट कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. २०,००० रुपये थकले तर एका महिन्याचे व्याज ७०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२६, असे ८२६ रुपये जातात आणि मूळ रक्कम तेवढीच राहते. 'किमान देय रक्कम' या शब्दांनी जितके लोक अडकवले आहेत तितके कोणत्या सावकाराने अडकवले असतील असे मला वाटत नाही. आपला क्रेडिट रिपोर्ट तो तयार करणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. नोकरी लागण्याआधी एकदा पाहून घ्यावा.

शेअर बाजाराबद्दल भाच्याने विचारले, कारण त्याच्या होस्टेलवर निम्मी मुले 'ऑप्शन', म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेले जोखमीचे सौदे, करतात म्हणे. मी त्याला फक्त शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा अभ्यास दाखवला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. तोटा झालेला मुलगा होस्टेलवर गप्प असतो आणि उरलेले सात जण मोठ्याने बोलतात, एवढेच मी त्यावर म्हटले.

नोकरीच्या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज वार्षिक पॅकेजच्या आकड्याबद्दल असतात. ३ लाख ६० हजारांचे पॅकेज म्हणजे महिन्याला ३० हजार असे घरी सांगून मुले येतात आणि पहिली स्लिप पाहून माझ्या टेबलाशी येतात. मूळ वेतन १५,००० धरले तर कंपनीच्या पीएफचा वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीची (दीर्घ नोकरीनंतर ती सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद सुमारे ७२० रुपये, हे दोन्ही त्या तीस हजारांतच मोजलेले असतात. उरलेल्या २७,४८० मधून तुमच्या पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की हातात २५,४८० येतात. (व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० असतो, म्हणजे वर्षाचे २,५०० होतात, ज्या महिलांचा मासिक पगार २५,००० पेक्षा अधिक नाही त्यांना महाराष्ट्रात तो लागत नाही.) पॅकेजमध्ये 'व्हेरिएबल' म्हणून दहा टक्के असतील तर त्यातून आणखी ३,००० वजा करा, कारण ते वर्षाअखेरीस, तेही कामगिरीवर, मिळतात. ऑफर हातात पडल्यावर 'दरमहा हातात किती' हा प्रश्न विचारण्यात काहीही अशिष्ट नाही. मला विचारला तर मी आनंदाने उत्तर देते.

त्यातही पहिला महिना कठीण जातो. अनेक कंपन्यांत पगाराची यादी वीस-पंचवीस तारखेला बंद होते. त्याआधी कागद पुरे झाले नाहीत तर जुलैचा पगार ऑगस्टच्या पगाराबरोबर येतो. दरम्यान घणसोली किंवा कोपरखैरणेला खोली घ्यायची तर अनामत, दलाली आणि पहिले भाडे एकदमच द्यावे लागते. म्हणून शेवटच्या वर्षात इंटर्नशिपचे जे काही मिळते त्यातून दोन महिन्यांचा खर्च आणि अनामत एवढी रक्कम बाजूला ठेवावी. खोलीचा भाडेकरार नोंदणीकृत असावा. महाराष्ट्रात ती नोंदणी कायद्याने सक्तीची आहे आणि तिची जबाबदारी घरमालकाची आहे. गावठाणातल्या खोल्यांत 'कराराची काय गरज' असे प्रेमाने सांगतात, पण पत्त्याचा पुरावा म्हणून बँक तोच करार मागते. इंटर्नशिपच्या पैशातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, गेला असेल आणि तुमचे वर्षाचे उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. ती रक्कम सोडून देणारी मुले मी दरवर्षी पाहते.

नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो तो नोकरी देत नाही, मग ते प्रशिक्षणाचे शुल्क असो, लॅपटॉपची अनामत असो किंवा 'फाइल चार्ज'. व्हिडिओला लाइक करण्याचे दीडशे-दोनशे रुपये देणाराही पुढच्या आठवड्यात 'मोठ्या टास्क'साठी तुमचेच पैसे भरायला लावतो.

लॅपटॉपविषयी थोडक्यात सांगते. सोळा जीबी रॅम आणि एसएसडी असलेले जुने, पण बॅटरी तपासून घेतलेले यंत्र हप्त्यांवर घेतलेल्या चकचकीत गेमिंग लॅपटॉपपेक्षा बरे. लोकलच्या गर्दीत ते वजन पाठीवर वागवायचे असते, हेही लक्षात घ्यावे. प्रोजेक्टच्या फाइलींची एक प्रत क्लाउडवर आणि एक घरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. शिकायचेच काही असेल तर स्प्रेडशीट नीट शिकावी. शाखा कोणतीही असो, पहिल्या वर्षभरात तिच्याशी गाठ पडतेच, आणि मी पाहिलेल्या दहा नवोदितांपैकी सात जणांना दोन याद्या जुळवता येत नाहीत. एआयकडून बायोडेटा लिहून घेण्याला माझी हरकत नाही. पण त्यातला प्रत्येक शब्द मुलाखतीत आपल्याला समजावून सांगता आला पाहिजे. गेल्या वर्षी एकाच दिवशी चार उमेदवारांच्या बायोडेटाचा पहिला परिच्छेद अक्षरशः एकच होता.

ठाणे स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत मात्र माझा जीव खालीवर होतो. प्रिंट काढण्यासाठी मुले आधार, पॅन आणि पासबुकाचे पहिले पान दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि प्रिंट घेऊन निघून जातात. त्या फोनमध्ये आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवर शेकडो जणांची ओळख तशीच पडून असते. जिथे चालते तिथे आधारची मास्क केलेली प्रत द्यावी, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. बाकी कागद पेनड्राइव्हवर न्यावेत किंवा पाठवलेला मेसेज तिथेच उभे राहून दोन्ही फोनांवरून पुसून घ्यावा. दुकानदाराला त्याचा राग येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत पॅनच्या दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन भरला. महिनाभराने त्याचा मेसेज आला, "मावशी, नवे पॅन आले, स्पेलिंग बरोबर आहे. पण पासबुकावर अजून दोन 'ई' आहेत." सोमवारी कॉलेजला जाताना तो बँकेत जाणार आहे.